सर्पदंश: पहिला तास कुणाचा?

पहाटे पाचच्या सुमारास नऊ वर्षांच्या मुलीला खांद्यावर टाकून तिचे वडील अपघात विभागात आले. रात्री दोन वाजता तिच्या पोटात दुखू लागले होते. आईने ओवा चावायला दिला. मग दोन उलट्या झाल्या. खाल्लेले बाधले असेल, उजाडल्यावर बघू, असे घरच्यांनी ठरवले. चारच्या सुमारास मुलीने पाणी मागितले, पण तिला ते गिळता येईना. मी तिला पाहिले तेव्हा पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या आणि आवाज नाकातून येत होता. अंगावर कुठे सूज नाही, रक्त नाही, जखमही दिसत नव्हती. मी आईला विचारले, "ताई, पोरगी कुठं झोपली होती?"

"खालीच, वाकळंवर," त्या म्हणाल्या.

मण्यार चावली होती. हा साप रात्री फिरतो. त्याचे दात इतके बारीक असतात की झोपलेल्या माणसाला बरेचदा चावल्याचे कळतही नाही. पोटदुखी आणि उलटी ही पहिली लक्षणे असतात, नंतर पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. आम्ही प्रतिविष सुरू केले आणि मुलीला व्हेंटिलेटरवर घेतले. पाचव्या दिवशी नळी निघाली. घरी जाताना शाळा किती बुडाली याचीच तिला काळजी होती.

त्याच पावसाळ्यात एक शेतकरी आला. वय पंचेचाळिशीच्या आसपास. रात्री उसात दारे धरताना पायाला घोणस चावली. घरच्यांनी आधी "पान लागलं" म्हणून उतारा करणाऱ्याकडे नेले. तिथून एका दवाखान्यात धनुर्वाताचे इंजेक्शन मिळाले, दुसऱ्या ठिकाणी सलाइन लागली आणि तिसऱ्या ठिकाणी मोठ्या दवाखान्यात न्या, असे सांगण्यात आले. या तिन्ही ठिकाणी प्रतिविषाची एकही बाटली त्यांच्या शरीरात गेली नाही. आमच्याकडे पोहोचेपर्यंत सात तास झाले होते. हिरड्यांतून रक्त येत होते आणि लघवी बंद झाली होती. प्रतिविष दिले, डायलिसिस केले. सहाव्या दिवशी ते गेले.

दोघांना मिळालेले औषध एकच होते. सर्पदंशावर आज जगभर जे संशोधन चालले आहे, त्याविषयी लिहिताना हे दोन रुग्ण माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

आकडे काय सांगतात

भारतात २००० ते २०१९ या २० वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. घरोघरी जाऊन मृत्यूची कारणे विचारणाऱ्या 'मिलियन डेथ स्टडी'च्या आधारे हा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. यातील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या महिन्यांत झाले होते. चौथ्या हिश्शाहून अधिक मृत १५ वर्षांखालील मुले होती. बहुतेक जण खेड्यातले, आणि बरेच जण दवाखान्यात पोहोचण्याआधीच गेलेले. त्यामुळे रुग्णालयांच्या नोंदीत हे आकडे कधी दिसलेच नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना सर्पदंश हा 'नोंद बंधनकारक' आजार करण्यास सांगितले. हे पाऊल कागदी वाटेल, पण कोणत्या तालुक्यात किती दंश होतात हेच ठाऊक नसेल, तर बाटल्या कुठे किती पाठवायच्या हे कसे ठरवणार?

प्रतिविष कसे तयार होते?

लोक याला 'सापाची लस' म्हणतात, पण ही लस नव्हे. आधी टोचून ठेवली की साप चावल्यावर काही होणार नाही, असे तिचे काम नाही. घोड्याला सापाचे विष अगदी थोड्या मात्रेत, वाढवत वाढवत टोचतात. घोड्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे तयार होतात. ती वेगळी काढून, शुद्ध करून बाटलीत भरतात. १८९० च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी वापरलेली ही पद्धत मूळ रूपात आजही तीच आहे. आपल्याकडे मुंबईत परळच्या हाफकिनने अनेक दशके हे औषध बनवले. त्यासाठी लागणारे विष प्रामुख्याने तामिळनाडूतील इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येते. १९७८ मध्ये ही संस्था स्थापन झाली. तिचे सदस्य साप पकडतात, विष काढतात आणि सापाला पुन्हा सोडून देतात.

भारतीय प्रतिविष चार सापांवर चालते: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. मोठ्या माणसाला आणि लहान मुलाला मात्रा सारखीच लागते, कारण साप वजन बघून विष सोडत नाही. सुरुवातीला साधारण ८ ते १० बाटल्या द्याव्या लागतात.

या औषधाला मर्यादा आहेत. सह्याद्रीच्या दाट झाडीत, पाटण-जावळीपासून खाली कोकणापर्यंत सापडणाऱ्या चापड्यावर ते काम करत नाही. दुसरी अडचण विषातल्या फरकाची. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. कार्तिक सुनगर यांच्या गटाने दाखवून दिले आहे की एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते. कोरड्या भागातील घोणशीच्या विषात प्रथिने तोडणारे घटक जास्त सक्रिय असतात. मग माण-खटाव किंवा जत-आटपाडीची घोणस आणि शिराळ्याच्या ओल्या खोऱ्यातली घोणस यांच्या विषात फरक असेल का, हा प्रश्न आमच्यासारख्या डॉक्टरांना पडतोच. वेगवेगळ्या प्रदेशांतील विष वापरून प्रतिविष बनवावे, ही मागणी त्यातूनच आली आहे.

प्रयोगशाळेतून काय येत आहे

गेल्या दोन-तीन वर्षांत या क्षेत्रात जेवढे घडले, तेवढे त्याआधीच्या अनेक दशकांत घडले नव्हते. २०२४ मध्ये अमेरिका, इंग्लंड आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मिळून प्रयोगशाळेत एक प्रतिपिंड तयार केले. नागवर्गीय सापांच्या विषातील, मज्जातंतू बधिर करणाऱ्या एका मोठ्या घटकगटाला ते रोखते. त्यात घोड्याचा संबंध नाही.

जानेवारी २०२५ मध्ये नोबेलविजेते डेव्हिड बेकर यांच्या गटाने संगणकावर आराखडा करून अगदी नवी प्रथिने बनवली. विषाच्या रेणूला कुलपात किल्ली बसावी तशी ती चिकटतात. उंदरांवरील प्रयोगात त्यांनी प्राणघातक मात्रेपासून संरक्षण दिले. अशी प्रथिने जिवाणूंकडून बनवून घेता येतात. त्यामुळे पुढे औषध स्वस्त होण्याची आशा आहे.

मे २०२५ मध्ये आलेली बातमी बऱ्याच वाचकांना आठवत असेल. टिम फ्रीड या अमेरिकन गृहस्थाने सुमारे १८ वर्षे स्वतःला विष टोचून घेतले होते, सापांकडून चावूनही घेतले होते. त्याच्या रक्तातून मिळालेली दोन प्रतिपिंडे आणि 'व्हॅरेस्प्लाडिब' नावाचे औषध एकत्र करून संशोधकांनी १९ विषारी सापांविरुद्ध उंदरांवर चाचणी केली. १३ सापांच्या विषापासून पूर्ण संरक्षण मिळाले, उरलेल्यांपासून अंशतः. मात्र हे सगळे नागवर्गीय साप होते. घोणस आणि फुरसे त्यात नाहीत, हे आपण विसरू नये. फ्रीड यांचे अनुकरण तर कुणी स्वप्नातही करू नये.

मला सर्वांत जवळची वाटते ती व्हॅरेस्प्लाडिबची गोळी. घोणस आणि मण्यार यांच्या विषातील एका महत्त्वाच्या विकराला ती अडवते. माणसांवर तिची चाचणी भारत आणि अमेरिकेत झाली. सगळ्या रुग्णांचा एकत्रित निकाल पाहता ठळक फायदा सिद्ध झाला नाही. पण दंशानंतर पहिल्या पाच तासांत गोळी मिळालेल्यांत सुधारणेची चिन्हे दिसली. पुढच्या चाचण्यांत ते खरे ठरले, तर उद्या आशाताईंच्या पिशवीत अशी गोळी असू शकेल. आज ती बाजारात नाही. व्हॉट्सॲपवर कुणी विकत असेल, तर ती फसवणूक समजा.

पहिली मात्रा कुठे?

हे सारे येईल तेव्हा येईल. आज हातात असलेले औषध वेळेवर मिळाले तरी बहुसंख्य रुग्ण वाचतात. सरकारी रुग्णालयात ते मोफत आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवले जाते. तरीही अनेक रुग्ण पहिली बाटली न मिळताच पुढे पाठवले जातात. याचे कारण मी आमच्याच व्यवसायाकडे बोट दाखवून सांगतो: भीती. घोड्याच्या प्रथिनांमुळे काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी येते, रक्तदाब कोसळतो. आरोग्य केंद्रात एकटा असलेला तरुण डॉक्टर विचार करतो, इथे काही झाले तर नातेवाईक काय करतील? पण या प्रतिक्रियेवर ॲड्रिनलिनचे साधे, स्वस्त इंजेक्शन आहे. ते भरून हाताशी ठेवून औषध सुरू करता येते. घोणशीचा दंश ओळखायला महागडे यंत्रही लागत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलीलिटर रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवायचे. नळी तिरकी केल्यावर रक्त गोठलेले नसेल, तर प्रतिविष लगेच सुरू करायचे आणि मगच पुढे पाठवायचे.

लहान ठिकाणचा डॉक्टर काय करू शकतो, याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. महाबळेश्वरचा घाट उतरून पोलादपूरमार्गे महाडला गेलात की डॉ. हिंमतराव बावस्कर यांची कर्मभूमी लागते. लाल विंचवाच्या दंशाने मुले दगावत होती, तेव्हा त्यांनी खेड्यातल्या रुग्णांच्या खाटेशी बसून निरीक्षणे केली आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरले. मृत्यू झपाट्याने घटले. त्यांचे लेखन 'लॅन्सेट'मध्ये छापून आले, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

दुसरा दाखला नेपाळचा. तेथील तराईतल्या काही गावांत तरुणांनी रुग्णाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून थेट उपचार केंद्रात नेण्याची व्यवस्था केली. त्या गावांत सर्पदंशाच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आले. तिथे औषध नवे नव्हते, फक्त वाहन वेळेवर मिळाले.

रात्रपाळीची वीज आणि ऊस

आपल्या दोन जिल्ह्यांत सर्पदंशाचा विचार शेतीपासून वेगळा करता येत नाही. उसाच्या फडात उंदीर असतात, उंदरांमागे साप येतात. शेतीपंपाला रात्रीची वीज असली की शेतकरी अंधारात पाणी पाजायला जातो. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना आहे. तिचा हिशेब आपण युनिटमध्ये करतो, पण माझ्या मते त्यात वाचलेले पायही मोजायला हवेत. पाचटाच्या खोपीत जमिनीवर झोपणारे ऊसतोड मजूर आणि त्यांची मुले यांना धोका आणखी जास्त.

बत्तीस शिराळ्याची नागपंचमी देशभर प्रसिद्ध आहे. सापाशी इतके जुने नाते सांगणाऱ्या या मुलखात सापाची भीती कमी असेलही, पण दंशानंतर काय करायचे हे घरोघरी माहीत आहे असे अनुभवावरून म्हणवत नाही. म्हणून शेवटी तेच.

चावल्यावर काय करावे

• वेळ बघा आणि लक्षात ठेवा. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल, तर मिळेल त्या वाहनाने निघा.
• अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा. सूज आली की ते रुततात.
• चावलेला हात किंवा पाय फळीला हलकेच बांधून स्थिर ठेवा. रुग्णाला चालवू नका.
• दोरीने आवळू नका, ब्लेडने चिरू नका, तोंडाने विष ओढू नका. आधीच आवळून बांधले असेल, तर ते दवाखान्यात डॉक्टरांनाच सोडू द्या.
• साप मारून आणण्याची गरज नाही. त्यात दुसराच माणूस चावून घेतो. लांबून सहज फोटो मिळाला तर पुरे.
• उलटी होत असेल, तर रुग्णाला डाव्या कुशीवर ठेवा.
• रात्री अचानक पोटदुखी, उलटी आणि सोबत पापण्या जड झाल्या, तर जखम दिसो वा न दिसो, सर्पदंश समजून निघा.
• रात्री शेतात जाताना बॅटरी, गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि काठी हवी. जमिनीवर झोपत असाल, तर मच्छरदाणी लावून कडा अंथरुणाखाली खोचा. मच्छरदाणीमुळे दंश टळतात, हे नेपाळमधील अभ्यासात दिसले आहे.

दुर्दैवाने शेतकऱ्याचा मृत्यू झालाच, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत सर्पदंशाचा समावेश आहे आणि कुटुंबाला २ लाख रुपये मिळू शकतात. त्यासाठी मृत्यूचे कारण अधिकृतपणे नोंदलेले असावे लागते, म्हणून शवविच्छेदन टाळू नका.

आणि एक काम आजच करा. आपल्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा, "प्रतिविष किती बाटल्या आहेत? रात्री डॉक्टर असतात का?" ग्रामसभेत हाच प्रश्न पुन्हा विचारा. पंचेचाळिशीतले ते शेतकरी ज्या रस्त्याने आमच्याकडे आले, त्या रस्त्यावर एक आरोग्य केंद्र होते. नातेवाईक तिथे थांबले नाहीत, कारण तिथे हे औषध असते हेच त्यांना ठाऊक नव्हते.