छत्तीस सेकंदांचा किलोमीटर

"छत्तीस सेकंदांत किलोमीटर गेला, की ताशी शंभर. मालगाडीला अठ्ठेचाळीस लागले तरी खूप." रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले नाना समजावून सांगत होते. मोटार शर्यतीसाठी बनलेल्या घड्याळावर नांदगावात कोणी गाडीचा वेग मोजत असे, हे कानावर आलं म्हणून मी या दुरुस्तीच्या दुकानात पोहोचलो होतो. टेबलावर नानांचं घड्याळ उघडं पडलं होतं: सेको 6139, 1969 साली बाजारात आलेल्या जगातल्या पहिल्या ऑटोमॅटिक क्रोनोग्राफांपैकी, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळांपैकी, एक.

त्याच्या कडेला टॅकीमीटरची पट्टी असते. शर्यतीत एका खुणेवर बटण दाबायचं, किलोमीटर संपला की पुन्हा दाबायचं. काटा ज्या आकड्यावर थांबेल तो ताशी वेग. 3600 भागिले सेकंद, एवढंच गणित. नानांनी ते ब्रेकव्हॅनमधून, पानेवाडी ते नांदगावच्या पट्ट्यात, रुळालगतच्या किलोमीटरच्या पाट्यांवर वापरलं.

घड्याळजींनी काटे उपसले, डायल उतरवली, सुटे भाग पांढऱ्या पेट्रोलमध्ये टाकले. तो वास दुकानभर पसरला आणि मला तिथून हलवेना.

तक्रार बारीक होती. शून्यावर आणण्याचं बटण दाबलं की सेकंदकाटा बाराच्या किंचित पुढे थांबायचा. एवढ्याने काय होतं? छत्तीसऐवजी सदतीस धरले, की शंभराचे सत्त्याण्णव होतात. जुन्या क्रोनोग्राफांत चाक बाजूने येऊन दुसऱ्या चाकात अडकतं, त्यामुळे काटा सुटताना अनेकदा हिसका बसतो. इथे क्लच उभा आहे, चकत्या वरून-खालून एकमेकींना धरतात, म्हणून काटा अलगद निघतो. या क्लचचं चाक खोलायचं नसतं. घड्याळजींनी ते अखंडच धुतलं, सुकवलं, तेलाचा कण दिला. मग काटा बसवला, बटण दाबलं. केसभर चुकला. पुन्हा उपसला. डोळ्याचं भिंग न काढता ते हेच करत राहिले. अखेर काटा बरोबर बारावर येऊन थांबला, पुन्हा पुन्हा दाबलं तरी तिथेच.

पिवळी डायल मात्र डागाळली होती. मुंबईत अशा डायली रंगवून नव्यासारख्या करून विकतात. नानांच्या मुलाला तसंच हवं होतं. "रंग दिला की घड्याळ गेलं समजा," घड्याळजी ठामपणे म्हणाले. मला ते शंभर टक्के पटलं. अभिनेता आणि शर्यतपटू पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 1 कोटी 77 लाख डॉलरना गेलं, ते त्याने मनगटावर वापरलेलं होतं म्हणून. मागच्या झाकणावर पत्नीने जपून गाडी चालवायची सूचना कोरून दिली होती. तिजोरीत पडून राहिलेल्या घड्याळाला संग्राहक जपत असतील, पण त्याने कुठलाच किलोमीटर मोजलेला नसतो. नानांच्या डायलवरचे डाग ड्युटीवरचे आहेत.

डायल तशीच ठेवायची ठरली. काच तेवढी नवी बसवली. घड्याळ हातात देताना घड्याळजींनी बजावलं, "नाना, बटणं रोज एकदा दाबत जा. तेल सुकलं की छत्तीसचे पुन्हा सदतीस होतील."