हौशी रंगभूमी आणि स्त्रियांचे सख्य : ‘स्टील मॅग्नोलियाज’च्या निमित्ताने

नाट्यवाङ्मयात स्त्रियांची मैत्री बहुधा नायिकेच्या सखीपुरती मर्यादित राहिली आहे. ‘शाकुंतला’तील अनसूया व प्रियंवदा चौथ्या अंकानंतर पुन्हा रंगमंचावर येत नाहीत, ही बाब पुरेशी बोलकी आहे. प्रस्तुत लेखात, मैत्री हाच ज्याचा गाभा आहे अशा ‘स्टील मॅग्नोलियाज’ या अमेरिकन नाटकाचा हौशी प्रयोगाच्या दृष्टीने विचार केला आहे.

नाटककार रॉबर्ट हार्लिंग हे लुइझियाना राज्यातील नॅकिटश गावचे. मधुमेहातून उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे त्यांची बहीण सुसान १९८५ मध्ये निवर्तली. तिच्या लहानग्या मुलाला आपली आई कशी होती हे कळावे, या ओढीतून हे लेखन झाले. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑफ-ब्रॉडवे रंगभूमीवर ते प्रथम सादर झाले.

संपूर्ण नाटक ट्रूवीच्या केशभूषागृहात घडते. दोन अंक, चार प्रवेश आणि सहा स्त्रिया. पुरुष रंगमंचावर येतच नाहीत. त्यांच्याविषयी केवळ बोलले जाते, आणि बाहेरून बंदुकीचे बार ऐकू येतात! शेल्बीच्या लग्नाच्या सकाळी आरंभ होतो. पुढे वैद्यकीय सल्ला डावलून तिने स्वीकारलेले मातृत्व, आई एम्लिनने तिला दिलेले मूत्रपिंड आणि अखेर तिचा मृत्यू, हे सारे दोन प्रवेशांच्या मधल्या काळात घडून जाते. प्रेक्षकासमोर उरतो तो शनिवारी सकाळी केस करून घेण्याचा नित्यक्रम. मैत्री टिकते ती या नित्यक्रमामुळे, मोठ्या शब्दांमुळे नव्हे. १९८९ च्या चित्रपटात पुरुष, विवाहसोहळा आणि रुग्णालय दिसू लागले, तेथे ही बंदिस्त ऊब काहीशी विरळ झाली, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

एकच नेपथ्य आणि वेगवेगळ्या वयाच्या सहा सशक्त स्त्रीभूमिका यांमुळे हौशी संस्थांना हे नाटक सोयीचे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ही सोय फसवी आहे. केस धुणे, गुंडाळणे, विंचरणे ही कामे संवादांच्या लयीत खरोखरच करावी लागतात; हात अडखळला की विनोदाची वेळ चुकते. त्याहून कठीण आहे तो शेवटचा प्रवेश. लेकीच्या मृत्यूने पिळवटलेली एम्लिन, कोणाला तरी मारावेसे वाटते असे संतापाने म्हणते, तेव्हा क्लेअरी आपली तिरसट मैत्रीण वीझर हिलाच पुढे ढकलते. क्षणभर शांतता पसरते आणि मग हसू फुटते. आधीच्या प्रवेशांत वीझरचे व्यंगचित्र केले असेल, तर हे हसू थिल्लर ठरते. या स्त्रिया विडंबनाच्या पातळीवर उतरवू नयेत, अशी सूचना नाटककारानेच दिली आहे, ती उगाच नव्हे.

मराठीत प्रशांत दळवी यांच्या ‘चारचौघी’ (१९९१) या नाटकाची आठवण येथे अपरिहार्य आहे. तथापि तेथे आई आणि तीन मुली रक्ताच्या नात्याने बांधलेल्या आहेत. हार्लिंग यांच्या नाटकात एम्लिन व शेल्बी सोडल्यास तसे नाते नाही. म्हणूनच अ‍ॅनेल ही भूमिका दिग्दर्शकाने दुय्यम मानू नये. पहिल्या प्रवेशात ती गावात नवखी, ट्रूवीकडे कामाला लागलेली बुजरी मुलगी असते. अखेरच्या प्रवेशात, होणाऱ्या बाळाला शेल्बीचे नाव दिले तर चालेल का, हे ती एम्लिनला विचारते.