वास येतो कोठून?

आमच्या पेडण्याच्या घरी एक जुना पिकअप आहे. डिचोलीच्या कुळागरातील नारळ-सुपारी शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जाते ती त्यातूनच. गेल्या पावसाळ्यात काचा बंद केल्या की केबिनमध्ये डिझेलचा वास येऊ लागला. माझे डोके दुखे. काकांना मात्र वास जाणवतही नसे. एकाच वासात फार वेळ राहिले की नाक त्याची दखल घेणे सोडते. म्हणून ही परीक्षा नुकत्याच बाहेरून आलेल्या माणसाने करावी.

शिवाय वास येतो तेथेच गळती असते, असे नाही. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो. मागची काच उघडी असेल किंवा तिचे रबर झिजले असेल, तर खालचा वास व सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो.

तेव्हा ‘कोठे’च्या आधी ‘केव्हा’ हे विचारावे. टाकी भरल्यावरच वास येत असेल, तर झाकण, तोंडाची रबरी नळी आणि टाकीवरचे जोड पाहावेत. इंजिन चालू असतानाच येत असेल, तर फिल्टर, इंजेक्टर व परतीच्या नळ्या पाहाव्यात. आणि सीटमागे गवत कापण्याच्या यंत्राचे पेट्रोल ठेवले असेल, तर तो कॅन सर्वांत आधी बाहेर काढावा!

आम्ही आठ दिवस वहीत नोंद ठेवली. वास टाकी भरलेल्या दिवशीच, तोही चढणीवर येई. मग टाकी भरून गाडी चढावर उभी केली, चाकांना दगड लावले, नळ्या कोरड्या पुसल्या आणि खाली रात्रभर वर्तमानपत्र पसरले. सकाळी कागदावर तेलकट डाग! तोंडाची नळी वरून धडधाकट होती. वाकवताच खालची चीर उघडली. एक नवी नळी, दोन क्लिपा, की काम झाले.

हा शोध उघड्यावर, बॅटरीची तार काढून घ्यावा. पेट्रोलगाडी असेल तर अधिकच जपावे. पेट्रोलची वाफ हवेच्या तिपटीहून जड असते. ती जमिनीलगत पसरते व दूरच्या ठिणगीनेही पेटते. त्यात आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबराला ते मानवत नाही.

काकांची विडी काही सुटली नाही. मात्र आता ते गाडीतून उतरून, चार पावले दूर जाऊन ओढतात.