‘आंकोर’ आणि आपले ‘अजून’

मैफल संपली, टाळ्या थांबेनात, की इंग्रज श्रोता ‘ऑन्कोर!’ म्हणून ओरडतो. शब्द फ्रेंच, मूळ उच्चार ‘आंकोर’. पण गंमत अशी की, खुद्द फ्रान्समधला श्रोता अशा वेळी ‘बिस!’ म्हणतो. हे लॅटिनमधले ‘दोनदा’. आणि आमचा नाट्यरसिक? त्याने इंग्रजांचा ‘वन्समोअर’ उचलला. दाद देताना ज्याला त्याला परकी भाषाच का आठवावी, कोण जाणे!

लंडनमध्ये ही हाक १७१२ सालच्या ‘स्पेक्टेटर’ पत्रातही ऐकू येते. व्हिएन्नात तर मोझार्टच्या ‘फिगारो’ला इतके ‘पुन्हा’ मिळाले, की १७८६ साली बादशहा जोसेफ याने एकाहून अधिक गायकांची पदे पुन्हा गाण्यास बंदी केली. मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात १९३३ नंतर एकट्या गायकाच्या पदाची अशी पुनरावृत्ती झाली, ती थेट २००७ साली!

फ्रेंचांच्या घरात मात्र हा शब्द पडेल ते काम करणारा गडी आहे. मूल ‘आंकोर’ झोपले आहे, म्हणजे अजून झोपलेलेच आहे. ‘पाझांकोर’ म्हणजे अजून नाही. ‘आंकोर प्ल्यूस’ म्हणजे अजून जास्त. वैतागून ‘क्वा आंकोर?’ म्हटले, की ‘आता अजून काय?’ ‘दहा माणसे येतील, ए आंकोर!’ यात तेवढी तरी येतात की नाही, ही शंका.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल, आपले ‘अजून’ यातली बहुतेक कामे बिनबोभाट करते. कुळीही जवळची. ‘आंकोर’च्या पोटात बहुधा लॅटिन ‘होरा’ म्हणजे घटका आहे: या घटकेपर्यंत. ‘अजून’मध्ये संस्कृत ‘अद्य’, म्हणजे आज.

दोन्हींत ‘तेच पुन्हा’ यापेक्षा ‘थांबू नका’ हा भाव आधीचा, आणि गाणाऱ्याला फरक पडतो तो इथे. बालगंधर्व वन्समोअर घेत, तेव्हा पद तेच असे, पण ताना नव्या. शब्द ‘वन्समोअर’, गाणे ‘अजून’चे! नुसती नक्कल ऐकायची तर तबकडी आहेच. नाटकाचा मात्र त्यात खोळंबा होई, हेही खरे.

माझ्या शिकवणीत यमनाची बढत चालू असताना एक चिरंजीव घड्याळाकडे पाहून विचारतात, “गुरुजी, झाले का?” परवा त्यांना सांगितले, “पाझांकोर!” अर्थ विचारण्याचे त्यांचे धाडस झाले नाही. निमूटपणे पुन्हा निषाद लावला.