खान्देशातील पाऊलवाटा आणि न झालेला एक कायदा

जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाचा जुना नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून काढून पाहावा. गटांच्या सीमारेषांमधून दोन प्रकारच्या तुटक रेषा गेलेल्या दिसतात. दुहेरी तुटक रेषा गाडीमार्गाची. त्याची रुंदी १६.५ ते २१ फूट धरतात. एकेरी तुटक रेषा पायमार्गाची, रुंदी ८.२५ फूट. मुंबई इलाख्यातल्या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती आणि तिचे १६ आणे पाडलेले होते. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा. सव्वाआठ फूट म्हणजे त्या साखळीचे नेमके चार आणे. पायी चालणाऱ्यासाठी पाव साखळी जमीन सरकारी कागदावर अशी बाजूला काढलेली आहे.

जमिनीवर मात्र ती शोधावी लागते. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बांध कोरत कोरत वाट दोन्ही शेतांत विरघळून गेलेली असते. कुठे ठिबकच्या नळ्या आडव्या पडलेल्या, कुठे काटेरी कुंपण, कुठे नव्या विहिरीचा मुरूम वाटेवरच टाकलेला. साक्री तालुक्यात किंवा सातपुड्याच्या पायथ्याला वाट दिसते, पण ती वन विभागाच्या हद्दीत शिरते आणि पुढे तिच्यावर चालण्याचा अधिकार कोणाचा, हे सांगणारा माणूस भेटत नाही. गेली काही वर्षे मी या वाटांमागचा कायदा वाचतो आहे आणि माझे मत आता पक्के झाले आहे: खान्देशातली पाऊलवाट कायद्याला माहीत आहे, पण तिच्यावरून चालणारा माणूस माहीत नाही. वाटा सांभाळणारे, त्यांच्याबद्दल जबाब देणारे आणि विधिमंडळाने कायदा करून उभे केलेले एखादे मंडळ महाराष्ट्राला हवे आहे, आणि त्याची सुरुवात खान्देशातून व्हायला हवी.

आधी आहे तो कायदा पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम २० मध्ये सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा राज्य शासनाच्या मालकीच्या असल्याचे म्हटले आहे. मालकीचा प्रश्न इथेच मिटतो. पण वापराचा प्रश्न आला की हाच अधिनियम शेतकऱ्याकडे वळतो. कलम १४३ खाली तहसीलदार दुसऱ्याच्या भूमापन क्रमांकाच्या हद्दीवरून वाट देऊ शकतो, मात्र ती मागण्याचा हक्क जमीन धारण करणाऱ्याला आहे. निर्णय मान्य नसेल तर एक वर्षात दिवाणी दावा लावता येतो. दुसरा आधार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याचा. गंमत नव्हे पण योगायोग खरा, की याच वर्षी मोठ्या खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे. या अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे शेताकडे किंवा कुरणाकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या रस्त्याला कोणी अडथळा केला तर तो दूर करण्याचा हुकूम तहसीलदार देऊ शकतो. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा यायला हवा. म्हणजे कापूस घरी आणणाऱ्याला वाट मिळते. गडावर, देवीला, धबधब्याला किंवा शेजारच्या गावच्या शाळेत चालत जाणाऱ्याने कोणत्या कलमाखाली अर्ज करावा, याला उत्तर नाही.

शेतरस्त्यांकडे शासनाचे लक्ष नाही असे म्हणता येणार नाही. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. २०२५ मध्ये शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' सदरात घ्यावी, असा शासननिर्णय झाला. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र शेतापर्यंत पोचायलाच हवे. पण या सगळ्या विचारात दुहेरी तुटक रेषेला जागा मिळाली. एकेरी रेषा कागदावरही मागे पडते आहे, आणि एकदा सातबारा नव्याने लिहिला गेला की जे नोंदले नाही ते नव्हतेच असे ठरायला फार दिवस लागत नाहीत.

जंगलातली गोष्ट आणखी कडक. भारतीय वन अधिनियम, १९२७ याच्या कलम २५ प्रमाणे राखीव वनातली सार्वजनिक किंवा खाजगी वाट वनाधिकारी योग्य मंजुरीने बंद करू शकतो. फक्त तिला बदली अशी सोयीची वाट आधीच असली पाहिजे किंवा करून दिली पाहिजे. वाट हा इंग्रजांच्या वनकायद्यालाही मान्य करावा लागलेला हक्क होता, एवढे यावरून दिसते. पुढच्याच कलम २६ मध्ये राखीव वनात बेकायदा शिरणे हा गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या कलम २७ मध्ये अभयारण्यात परवान्याशिवाय कोण जाऊ शकतो याची यादी आहे. तिच्यात कामावरचा सरकारी नोकर आहे, आत जमिनीचा हक्क असलेला आहे, सार्वजनिक हमरस्त्याने पार जाणारा आहे. पाऊलवाटेने जाणारा नाही. त्याला कलम २८ खाली पर्यटक म्हणून परवाना काढावा लागतो.

हे सारे पाटण्याला एकाच जागी पाहायला मिळते. चाळीसगाव तालुक्यातले पाटणे गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या कुशीत आहे. हे अभयारण्य १९८६ चे आणि ते जळगाव व आताच्या छत्रपती संभाजीनगर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेले. औट्रम घाटाला ज्याचे नाव आहे तो जेम्स औट्रम म्हणजे १८२५ मध्ये खान्देशात भिल्ल पलटण उभारणारा इंग्रज अधिकारी. इथे पाटणादेवीचे, म्हणजे चंडिकेचे मंदिर आहे, कण्हेरगड आहे आणि डोंगराच्या अंगाला पितळखोऱ्याची लेणी आहेत. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी इथला शिलालेख उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची आणि त्याला १२०७ मध्ये मिळालेल्या दानाची हकीकत त्यात कोरलेली आहे. मठ म्हटला म्हणजे शिकणारी मुले आली, आणि ती घाटावरून व घाटाखालून पायीच आली असणार. आज या डोंगरात देवीचा भाविक, गडावर जाणारा तरुण, लेणी पाहणारा अभ्यासक आणि सरपणाला जाणारी बाई असे चौघे एकाच वाटेवर असतात. लेणी पुरातत्त्व विभागाची, जंगल वन विभागाचे, गाव महसुलाचे, आणि वाट कोणाचीच नाही. दरड कोसळून ती मोडली तर दुरुस्तीची तक्रार कुठे द्यायची, हे कुठल्याही कार्यालयाच्या फलकावर लिहिलेले नाही.

इथे कोणी म्हणेल की खान्देशात हौसेने चालणारे असे किती? हा समज मला मान्य नाही. चैत्रात धुळे-मालेगाव रस्त्याला संध्याकाळनंतर उभे राहून पाहावे. वणीच्या सप्तशृंगीगडाकडे निघालेली माणसे, हातात भगवे झेंडे, मागे सामानाची गाडी. सप्तशृंगी ही खान्देशातल्या असंख्य घरांची कुलदेवता. पारा चाळिशीच्या वर असतो म्हणून ही माणसे रात्री चालतात, आणि चालतात ती मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेने, ट्रकांच्या झोतात. वाहनाने पदयात्रींना ठोकरल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, हळहळतो आणि विसरतो. आषाढीसाठी मुक्ताईनगरहून निघणारी संत मुक्ताबाईंची पालखी बुलढाणा, जालना, बीड असा मुलूख ओलांडत महिन्याहून अधिक काळ चालते. मानाच्या पालख्यांत इतका लांबचा पल्ला क्वचितच कोणाचा असेल. ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालखी मार्गांचे भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले आणि त्या राष्ट्रीय महामार्गांच्या दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी वेगळी चालवाट आखली गेली. राज्यकर्त्यांनी मनावर घेतले तर पायी चालणाऱ्यासाठी जागा काढता येते, याचा तो पुरावा आहे. खान्देशच्या वाट्याला तशी जागा अजून आलेली नाही.

आणखी एक वाट आहे, तिच्याबद्दल मला विशेष आस्था आहे. धुळ्याच्या दक्षिणेला लळिंगचा फारुकीकालीन किल्ला आणि त्याला लागून लळिंगचे कुरण. या कुरणात लांडोर बंगला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आले तेव्हा ३१ जुलै १९३७ रोजी ते इथे राहिले होते. दरवर्षी ३१ जुलैला इथे भीमस्मृती यात्रा भरते आणि पावसात, चिखलात जिल्हाभरातून लोक येतात. ज्या समाजाला सार्वजनिक पाणवठ्यावर आणि रस्त्यावर पाऊल टाकण्यासाठी लढावे लागले, त्याची ही यात्रा वनजमिनीवरच्या बंगल्याकडे जाते. त्या वाटेचा हक्क कुठल्याही अधिकाऱ्याच्या त्या वर्षीच्या मर्जीवर राहू नये. तो लिहिलेला असावा.

मग आज वाटा सांभाळण्याचे हे काम कोणी करावे? महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ चे आहे, पण ती कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी. तिची ताकद निवास आणि प्रचारात आहे. नागपूरला निसर्ग पर्यटन मंडळ आहे, त्याचे क्षेत्र वन विभागापुरते. २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने गिर्यारोहण सहली काढणाऱ्या संस्थांना नोंदणी आणि सुरक्षेचे नियम लावले. ते नियम संस्थेला लागतात, वाटेला नाहीत. ग्रामपंचायतीला ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली सार्वजनिक रस्त्यावरचे अतिक्रमण काढता येते, पण तिची सत्ता शिवेपाशी संपते आणि वाट शिव ओलांडून जाते.

बाहेर काय झाले ते पाहताना मला अमेरिकेतल्या पश्चिम व्हर्जिनिया राज्याचे उदाहरण सर्वांत उपयोगी वाटले. कोळशाच्या खाणी मंदावल्या, तरुण गाव सोडू लागले, आणि डोंगर सगळे खाण आणि लाकूड कंपन्यांच्या मालकीचे. १९९६ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदा करून हॅटफिल्ड-मॅकॉय प्रादेशिक मनोरंजन प्राधिकरण निर्माण केले. एकोणिसाव्या शतकात एकमेकांशी हाडवैर धरलेल्या दोन घराण्यांची ती नावे. २००० मध्ये पहिल्या वाटा खुल्या झाल्या. आज त्यांची लांबी १,६०० किलोमीटरच्या पुढे आहे. त्या प्रामुख्याने चारचाकी मोटारसायकलींसाठी आहेत आणि तसला आवाज आपल्या सातपुड्यात मला अजिबात नको. पण कायद्याची बांधणी शिकण्यासारखी आहे. कंपन्यांनी जमीन विकली नाही, वापरू दिली. बदल्यात कायद्याने सांगितले की वाटेवर कोणाला इजा झाली तर जमीनमालकाला कोर्टात खेचता येणार नाही. विमा प्राधिकरणाने उतरवावा. सहभागी जिल्ह्यांना मंडळावर जागा मिळाल्या, परवान्याच्या पैशातून देखभाल होऊ लागली. इंग्लंडची रीत वेगळी. तिथे १९४९ च्या कायद्याने जिल्हा परिषदांसारख्या संस्थांना सार्वजनिक पाऊलवाटांचा अधिकृत नकाशा करायला लावला, आणि नकाशावर आलेली वाट हा हक्काचा निर्णायक पुरावा ठरला.

आपल्याला दोन्हींतले थोडे थोडे हवे आहे. कायद्याने केलेले प्रादेशिक मंडळ खान्देशाला नवे नाही. १९९७ च्या अधिनियमाने तापी पाटबंधारे विकास महामंडळ झाले आणि त्याचे मुख्यालय जळगावला आहे. नदीसाठी जिल्ह्यांच्या हद्दी ओलांडणारी संस्था करता आली तर वाटेसाठीही करता येईल. रस्ते आणि जमीन हे विषय राज्यसूचीतले आहेत, तेव्हा मोठा भाग विधिमंडळाच्या हातात आहे. वने आणि वन्यजीव १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले. त्यामुळे केंद्रीय कायद्याशी जिथे विसंगती येईल तिथे राष्ट्रपतींची संमती घ्यावी लागेल. मसुदा करणाऱ्यांनी हे पहिल्या दिवशीच ध्यानात ठेवावे.

या कायद्यात सर्वांत आधी नोंद हवी. गावनकाशावरची प्रत्येक एकेरी तुटक रेषा जागेवर जाऊन पाहावी, ग्रामसभेत वाचून दाखवावी, हरकती ऐकाव्यात आणि मग तिला क्रमांक द्यावा. अडथळ्याविरुद्ध अर्ज करण्याचा हक्क जमीनधारकापुरता न ठेवता कोणाही नागरिकाला असावा. नेमका हाच हक्क कलम १४३ देत नाही.

शेतकऱ्याच्या बाजूनेही तितकाच ठाम विचार झाला पाहिजे. त्याची भीती खरी आहे. खान्देशातल्या विहिरी खोल आणि बऱ्याचशा बिनकठड्याच्या. रात्री परका माणूस पडला तर पोलीस पहिल्यांदा त्याच्याच दारात येतात. केळीचे घड जातात, नळ्या तुटतात, कडब्याच्या गंजीजवळ कोणी विडी पेटवतो. म्हणून वाटेला लागून असलेल्या विहिरीला कठडा मंडळाने बांधून द्यावा, नुकसानभरपाई तालुक्याच्या पातळीवर लवकर मिळावी, आणि वाट खुली ठेवणारा शेतकरी अपघाताच्या दायित्वातून मुक्त असावा. एवढे दिले तर शेतकरी वाट अडवणार नाही, असे मला गावोगावच्या बोलण्यावरून वाटते. नोंदलेल्या वाटेवर मोटारसायकलला बंदी असावी.

सातपुडा आणि साक्रीच्या आदिवासी गावांत मंडळाने ग्रामसभेच्या वर बसू नये. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जे दिले ते काढून घेणारा कोणताही नवा कायदा मी तरी नाकारीन. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने आपले शेकडो हेक्टर जंगल स्वतः नियम करून राखले. कुऱ्हाडबंदी केली, नियम मोडणाऱ्याला दंड लावला. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथला वनभाज्यांचा उत्सव पाहायला लांबून माणसे जातात. अशा गावात किती जणांनी, कोणत्या महिन्यात, कोणत्या वाटेने यावे हे गावानेच ठरवावे आणि परवान्याची रक्कम गावाच्या खात्यात जावी.

वन विभाग हरकत घेईल हे उघड आहे, आणि तिच्यात तथ्य आहे. यावल अभयारण्य १९६९ पासूनचे. सातपुड्याच्या या भागातले जंगल अतिक्रमणाने आणि तोडीने आधीच झिजलेले आहे. उन्हाळ्यात एका काडीने टेकडी जळते. तेव्हा १५ फेब्रुवारी ते १५ जून या वणव्याच्या काळात जंगलातल्या वाटा बंद ठेवण्याचा अधिकार वन विभागाकडेच राहू द्यावा. मात्र बंदीचा आदेश लेखी असावा, मराठीत असावा, त्यावर कारण आणि मुदत असावी, आणि १९२७ च्या कायद्यातली बदली वाटेची अट पाळली की नाही हे मंडळाने तपासावे. पाटणे, सातपुड्यातले पाल व मनुदेवी आणि लळिंग या चार ठिकाणी ही पद्धत दोन हंगाम लावून पाहता येईल. त्यासाठी नव्या कायद्याचीही वाट पाहायला नको. जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी उपवनसंरक्षकांना सोबत घेऊन एक संयुक्त बैठक बोलावली आणि त्या चार ठिकाणांचे गावनकाशे टेबलावर पसरले, तर काम याच हिवाळ्यात सुरू होईल.