दोनदा रिकाम्या हाताने परतलेली कर्णधार



शाळेच्या संघातून खेळायला गेलेली मुलगी हरून घरी आली की काय बोलले जाते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. "झाले ना समाधान? आता अभ्यासाला लाग," असे वडील म्हणतात. शेजारीण म्हणते, "पोरीच्या जातीला कशाला हवेत हे उन्हातान्हातले खेळ!" आई काही बोलत नाही. पण दुसऱ्या दिवशी पोरीचे बूट माळ्यावर जातात. एका पराभवात तिचा खेळ संपतो.

म्हणून या वेळी आम्ही आमच्या भगिनींना चीनच्या एका हॉकीपटूची हकिगत सांगणार आहोत. तिचे नाव ओउ झिशिया. चिनी लोक आडनाव आधी लावतात, तेव्हा ओउ हे आडनाव आणि झिशिया हे नाव. १९९५ साली जन्मलेली ही मुलगी ऑलिंपिकमध्ये एकदा नव्हे, दोनदा रिकाम्या हाताने परतली. तिसऱ्या वेळी ती देशाची कर्णधार होऊन गेली आणि रुपेरी पदक घेऊन आली.

टाळ्यांविना खेळला जाणारा खेळ

चीन म्हटले की आपल्याला टेबल टेनिस, बॅडमिंटन आणि जिम्नॅस्टिक्स आठवते. हॉकी तिथे फारशी कोणी पाहत नाही. तरी काठीने चेंडू मारण्याची एक जुनी परंपरा त्या देशात आहे. इनर मंगोलियात मोरिन दावा नावाचा प्रदेश आहे. तिथले डाउर हे अल्पसंख्य लोक पिढ्यान्‌पिढ्या असा खेळ खेळत आले. त्यांचा चेंडू जर्दाळूच्या झाडाच्या मुळापासून बनवलेला असे. १९७० च्या दशकात चीनमध्ये आजची हॉकी सुरू झाली, तेव्हा पहिले खेळाडू याच भागातून आले. चीनमध्ये मोरिन दावाला आजही हॉकीचे माहेरघर मानतात.

महिलांचा संघ पुढे आला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. २००० साली सिडनीला या मुली प्रथमच ऑलिंपिक खेळल्या. किम चांग-बेक या कोरियन प्रशिक्षकाने त्यांच्याकडून फार कडक मेहनत करून घेतली. २००२ च्या विश्वचषकात त्यांना कांस्यपदक मिळाले. २००४ मध्ये अथेन्सला त्या चौथ्या आल्या. २००८ मध्ये बीजिंगला, आपल्याच गावच्या मैदानावर, त्यांनी अंतिम फेरी गाठली. तिथे नेदरलँड्सने त्यांना २-० असे हरवले. रौप्यपदक मिळाले, पण पुढे संघ मागे पडत गेला. झिशिया या संघात आली ती या उतरत्या काळात.

रिओ आणि टोकियो

२०१६ साली रिओ ऑलिंपिकला गेली तेव्हा झिशियाला एकवीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. चीनचा संघ गटातूनच बाहेर पडला. पुढचे ऑलिंपिक टोकियोचे. कोरोनाच्या साथीमुळे ते वर्षभर पुढे ढकलून २०२१ मध्ये झाले. रिकाम्या प्रेक्षागारासमोर सामने झाले. चीनने दोन सामने जिंकले, न्यूझीलंडलाही हरवले. पण गुण सारखे झाले आणि गोलांच्या फरकाने न्यूझीलंड पुढे गेले. चीन पुन्हा घरी.

आमच्या भगिनींनी क्षणभर थांबून विचार करावा. वीस ते पंचवीस ही वये. या वयात आपल्याकडे मुलीला विचारतात, "किती दिवस हेच करणार?" दोन ऑलिंपिक झाली आणि हाती काहीच नाही. अशा वेळी खेळ सोडला असता तर तिला कोण बोलले असते? पण तिने सोडला नाही.

इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चीनमध्ये लहानपणीच मुले निवडून क्रीडाशाळेत घालतात. तिथून प्रांताच्या संघात आणि प्रांतातून देशाच्या संघात, अशी ती शिडी असते. खेळाडूचा खाण्यापिण्याचा आणि सरावाचा भार सरकार उचलते. त्यामुळे हरलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी पोटासाठी दुसरीकडे धावावे लागत नाही. मात्र याची किंमतही मोठी आहे. कोवळ्या वयात घर सुटते, पुस्तके मागे पडतात, आणि शिडीवरून मध्येच घसरलेल्या मुलांची नावे कोणी लिहून ठेवत नाही. ही पद्धत जशीच्या तशी उचलावी असे आम्ही म्हणत नाही. हरलेल्याला उभे राहायला जमीन लागते, एवढेच आम्हाला म्हणायचे आहे.

हांगझोऊत दार उघडले

२०२२ मध्ये ॲलिसन ॲनन या ऑस्ट्रेलियन बाईंनी चीनच्या संघाची जबाबदारी घेतली. स्वतः खेळाडू म्हणून त्यांनी १९९६ आणि २००० अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवलेली. पुढे नेदरलँड्सच्या संघाला टोकियोत सुवर्ण मिळाले, ते त्यांच्याच मार्गदर्शनाखाली.

त्यानंतर आशियाई खेळ आले. हांगझोऊचे हे खेळ २०२३ च्या शरद ऋतूत झाले. उपांत्य सामन्यात चीनने आपल्या भारतीय मुलींना ४-० असे हरवले आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-०. या सुवर्णपदकाबरोबर पॅरिस ऑलिंपिकचे थेट तिकीट होते. आपल्या मुलींना ते तिकीट रांचीच्या पात्रता स्पर्धेत मिळवावे लागणार होते. तिथे त्या हुकल्या आणि पॅरिसला जाऊ शकल्या नाहीत. एका सामन्याने किती बदलते, ते यावरून दिसते.

पॅरिसची ती संध्याकाळ

पॅरिसला चीनचा संघ आपल्या गटात चौथा आला. म्हणजे पुढच्या फेरीत जेमतेम शिरला. समोर दुसऱ्या गटातला पहिला संघ ऑस्ट्रेलिया. चीनने त्याला ३-२ असे हरवले. उपांत्य सामन्यात बेल्जियमशी १-१ अशी बरोबरी झाली आणि निकाल शूटआउटवर लागला. शूटआउट म्हणजे एक खेळाडू, एक गोलरक्षक आणि आठ सेकंद. त्या आठ सेकंदांत चेंडू घेऊन पळायचे, गोलरक्षकाला चकवायचे आणि गोल करायचा. चीनने ते ३-२ असे जिंकले.

९ ऑगस्ट २०२४ रोजी अंतिम सामना झाला. समोर पुन्हा नेदरलँड्स, म्हणजे २००८ चाच प्रतिस्पर्धी आणि प्रशिक्षक ॲननबाईंचा जुना संघ. सहाव्या मिनिटाला चेन यीने गोल केला. जगातल्या सर्वात बलाढ्य संघासमोर चीनच्या मुलींनी ती एका गोलाची आघाडी बराच वेळ जपली. शेवटच्या पंधरा मिनिटांत यिबी यान्सनने बरोबरी साधली. पुन्हा शूटआउट. या वेळी नेदरलँड्स ३-१ असे जिंकले.

सुवर्ण हुकले. पण सोळा वर्षांनी चीनच्या महिला हॉकीला ऑलिंपिक पदक मिळाले. समारोपाच्या सोहळ्यात देशाचा ध्वज हाती घेऊन चालण्याचा मान ज्या दोन खेळाडूंना मिळाला, त्यांत एक ओउ झिशिया होती. ज्या खेळाला तिच्या देशात फारसे प्रेक्षक नाहीत, त्या खेळातल्या मुलीला हा मान मिळाला!

राजगीरमध्ये आपली पाळी

चीनच्या मुली अजिंक्य आहेत, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. २० नोव्हेंबर २०२४ रोजी बिहारमधल्या राजगीरला, म्हणजे आपल्या परिचयाच्या प्राचीन राजगृहाला, आशियाई चॅम्पियन्स चषकाचा अंतिम सामना झाला. तिथे दीपिकाच्या एकमेव गोलावर भारताच्या मुलींनी चीनला १-० असे हरवले. हांगझोऊत चार गोल खाल्लेल्या संघाने वर्षभरात परतफेड केली. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये हांगझोऊलाच आशिया चषकाची अंतिम लढत झाली. आपल्या नवनीतने पहिल्याच मिनिटाला गोल केला. बरोबरी साधून देणारा गोल झिशियाचा होता. शेवटी चीन ४-१ असा जिंकला आणि २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरला.

वीस वर्षांची हरलेली मुलगी तिशीला टेकताना अंतिम सामन्यात गोल करते. मधल्या नऊ वर्षांत तिने काय केले? ती रोज सकाळी मैदानावर गेली.

आपल्या घरातली प्रत्येक मुलगी ऑलिंपिकला जाणार नाही, हे आम्हालाही कळते. बूट महाग आहेत, मैदाने दूर आहेत, आईबापांचा दिवस कामावर जातो. तरीही एक गोष्ट बिनपैशाची आहे. मुलगी हरून आली तर त्या रात्री काही निर्णय घेऊ नका. तिला गरम जेवण वाढा, सामना कसा झाला ते विचारा, आणि तिचे बूट माळ्यावर न टाकता दाराशीच राहू द्या. सकाळी ते घालायचे की नाही, हे तिला ठरवू द्या.