क्रियापद, कर्म आणि ‘टू’

‘साहेबांनी मला तासभर थांबायला लावले’ या साध्या वाक्याचे इंग्रजी करताना चांगली शिकलेली माणसेही ‘ही मेड मी टू वेट’ असे लिहून जातात. ‘ही टोल्ड मी टू वेट’ बरोबर, ‘ही फोर्स्ड मी टू वेट’ही बरोबर; मग ‘मेड’ने काय घोडे मारले आहे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. गंमत अशी की, हेच वाक्य कर्मणी प्रयोगात घातले की गळालेला ‘टू’ परत येऊन बसतो : ‘आय वॉज मेड टू वेट’.

मुख्य क्रियापद, त्याचे कर्म आणि त्यापुढे ‘इन्फिनिटिव्ह’, म्हणजे काळ-पुरुष-वचनाचा विकार न झालेले क्रियारूप, अशी ही इंग्रजी रचना आहे. (संस्कृत शिकलेल्यांना येथे ‘गन्तुम्’, ‘कर्तुम्’ आठवतील.) टेल, आस्क, ऑर्डर, अलाऊ, परस्वेड, वाँट, एक्स्पेक्ट अशा बहुसंख्य क्रियापदांनंतर ते ‘टू’सह येते. मेक आणि लेट यांच्यानंतर, काम करवून घेणे या अर्थाच्या ‘हॅव’नंतर, तसेच सी, हिअर, वॉच, फील या इंद्रियानुभवाच्या क्रियापदांनंतर ते ‘टू’विना येते. ‘हेल्प’ला दोन्ही चालते.

हा लहरीपणा नसून जुन्या भाषेचा अवशेष आहे. प्राचीन इंग्रजीत हे क्रियारूप शब्दाच्या अंत्य प्रत्ययावरून ओळखले जाई. ‘टू’ हे तेव्हा ‘कडे’, ‘साठी’ अशा अर्थाचे शब्दयोगी अव्यय होते आणि क्रियारूपाच्या चतुर्थीसारख्या रूपाला जोडून येई. पुढे अंत्य प्रत्यय झिजले आणि ‘टू’ हीच क्रियारूपाची खूण ठरली; मोजकी, रोजच्या वापरातली क्रियापदे मात्र त्या लाटेतून सुटली. ‘मेक’ तर दीर्घकाळ कुंपणावर होते. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘मेक’ आणि कर्मानंतर ‘टू’ आढळतो. म्हणजे ‘मेड मी टू वेट’ आज चूक असले, तरी ते इंग्रजीच्या प्रकृतीला परके नव्हे.

मराठीतही असेच दोन मार्ग आहेत. ‘जाऊ दिले’ यात नुसते ऊकारान्त रूप आहे. ‘जायला सांगितले’, ‘जायला लावले’ यांत मात्र ‘घराला’, ‘गावाला’ यांतील तोच ‘ला’ आहे. ‘लेट’ आणि ‘देणे’ यांचे जमते, म्हणून ‘लेट मी टू गो’ असे सहसा कोणी म्हणत नाही. ‘मेक’ आणि ‘लावणे’ यांचे जमत नाही. चूक नेमकी तेथे होते.

तथापि मराठी भाषकाची खरी अडचण ‘टू’पेक्षा आपल्या ‘-आवे’ने केली आहे. ‘तुम्ही यावे अशी इच्छा आहे’, ‘यावे अशी अपेक्षा आहे’, ‘यावे अशी आशा आहे’, ‘यावे असे सुचवतो’, ‘यावे असा आग्रह आहे’, ‘यावे अशी मागणी आहे’ : मराठीने या सर्वांना एकाच पंगतीला बसवले आहे. इंग्रजीत मात्र पंक्तिप्रपंच आहे. वाँट आणि एक्स्पेक्ट यांच्यापुढे ‘यू टू कम’ चालते. होप, सजेस्ट, इन्सिस्ट, डिमांड यांच्यापुढे चालत नाही. तेथे ‘दॅट’ने सुरू होणारे उपवाक्य तरी हवे, नाहीतर रचना तरी बदलायला हवी. म्हणूनच ‘ही सजेस्टेड मी टू अप्लाय’, ‘आय होप यू टू अटेंड’ अशी वाक्ये नोकरीच्या अर्जांतून आणि कार्यालयीन पत्रांतून डोकावत राहतात. अर्थ कळतो, पण लिहिणाऱ्याविषयीचे मत तेवढ्यावरून बनते, आणि ते त्याला कधीच कळवले जात नाही.

अर्थावरून हा भेद ताडता येत नाही. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी हे ओळखले होते. त्यांच्या पुढाकाराने सिद्ध झालेला आणि १९४२ मध्ये टोकियोत प्रसिद्ध झालेला कोश प्रत्येक क्रियापदापुढे कोणकोणती रचना चालते ते क्रमांकाने सांगत असे. तोच कोश १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला आणि पुढे जगभर पोहोचला. शब्दाचा अर्थ पाहून कोश मिटणाऱ्यांच्या हाती त्याचे निम्मेच धन लागते.

एक बाब मात्र इंग्रजी लपवते आणि मराठी उघड करते. ‘शी एक्स्पेक्टेड द सर्जन टू ऑपरेट ऑन हर फादर’ आणि ‘शी परस्वेडेड द सर्जन टू ऑपरेट ऑन हर फादर’ ही वाक्ये दिसायला जुळी आहेत. परंतु सर्जन व वडील यांची अदलाबदल करून ‘हर फादर टू बी ऑपरेटेड ऑन बाय द सर्जन’ असे केले, की पहिल्याचा अर्थ तोच राहतो आणि दुसऱ्यात मन वळवले कोणाचे, हेच बदलते. आधी सर्जनचे, आता वडिलांचे. अशा जोड्यांकडे नोम चॉम्स्की यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात लक्ष वेधले होते. मराठीत त्यासाठी ग्रंथ उघडावा लागत नाही : ‘सर्जननी शस्त्रक्रिया करावी अशी तिची अपेक्षा होती’ आणि ‘तिने सर्जनना शस्त्रक्रिया करायला राजी केले’. पहिल्यात सर्जन अपेक्षेच्या आत आहेत. दुसऱ्यात ते प्रत्यक्ष समोर बसले आहेत.

‘प्रॉमिस’ तर सर्वांत फसवे. ‘ही टोल्ड मी टू कम’ म्हटले तर येणारा मी. ‘ही प्रॉमिस्ड मी टू कम’ म्हटले तर येणारा तो. कॅरल चॉम्स्की यांनी पाच ते दहा वर्षांच्या इंग्रजी भाषक मुलांकडून बाहुल्यांच्या खेळातून अशी वाक्ये वदवून आणि करवून घेतली. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात काही मुले ‘प्रॉमिस’लाही ‘टेल’सारखेच समजत असल्याचे आढळले. ज्यांची ती मातृभाषा त्यांचीही ही गत! मराठीत ‘यायला सांगितले’ आणि ‘यायचे वचन दिले’ यांत रूपच बदलते.

राहता राहिला नकार, आणि तेथे चूक महागात पडू शकते. ‘नॉट’ मुख्य क्रियापदाला लावायचा की ‘टू’च्या आधी, यावर सारे अवलंबून असते. एखाद्या गृहनिर्माण सोसायटीच्या सूचनेत ‘मेंबर्स आर रिक्वायर्ड नॉट टू पार्क हिअर’ असे असेल, तर येथे गाडी लावण्यास मनाई आहे. ‘मेंबर्स आर नॉट रिक्वायर्ड टू पार्क हिअर’ असे असेल, तर गाडी येथेच लावली पाहिजे अशी सक्ती नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि अशा फलकाखाली गाडी लावणाऱ्या सभासदाकडून दंड मागायचा झाल्यास सोसायटीच्या हाती काही उरत नाही.